फील्ड केस मॅनेजमेंट: बेडसाइड सोडून जावं का? (अमेरिकेतल्या नर्सेससाठी)

ओंजळ

नमस्कार मंडळी. अमेरिकेत आरएन (रजिस्टर्ड नर्स) म्हणून काम करणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

मी सध्या ऑर्थो-ट्रॉमा फ्लोअरवर आहे, त्याआधी आयसीयू केलंय. काम मनापासून आवडतं, पण पाठ आणि झोप दोन्ही आता साथ देत नाहीत. वर्कर्स कॉम्पचं (कामावर इजा झालेल्या कामगारांच्या विम्याचं) काम करणाऱ्या एका कंपनीने फील्ड नर्स केस मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलंय. जाहिरातीत लिहिलंय: घरून काम, स्वतःचं वेळापत्रक, रात्रपाळी नाही, शनिवार-रविवार मोकळे. माझ्या ओळखीत कोणीच हे काम केलेलं नाही, त्यामुळे सगळी ऐकीव माहिती. एक म्हणते सुटलीस, दुसरी म्हणते विमा कंपनीची हेर होशील.

दिवस प्रत्यक्षात कसा जातो? 'बिलेबल तास' हा काय प्रकार आहे? सीसीएम (केस मॅनेजरचं प्रमाणपत्र) नसताना घेतात का? आणि मुख्य म्हणजे, पैसे विमा कंपनी देणार, तर मी नक्की कोणाची नर्स?

पारिजातक

ओंजळ, तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, पण त्याआधी पाया सांगते.

कामावर इजा झाली तर चूक कोणाची हे न बघता मालकाच्या विम्यातून उपचार होतात आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग मिळतो, बऱ्याच राज्यांत साधारण दोन तृतीयांश. त्या बदल्यात कामगार मालकावर खटला भरण्याचा हक्क सोडतो. विस्कॉन्सिनचा असा कायदा १९११ चा, आणि सगळ्यात शेवटी मिसिसिपीने तो १९४८ मध्ये केला. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. टेक्सासमध्ये तर खासगी मालकाला हा विमा घेणं सक्तीचंही नाही. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीचा अनुभव आपल्याला जसाच्या तसा लागू पडेल असं धरून चालू नकोस.

आता दिवस. केस आली की एक-दोन दिवसांच्या आत तिघांशी बोलायचं: कामगार, मालक आणि डॉक्टरचं ऑफिस. कामगाराला प्रत्यक्ष भेटून सगळी हकिगत घ्यायची: इजा कशी झाली, आधीचे आजार, औषधं, घरात पायऱ्या किती, कामावर नेमकं काय उचलावं लागतं. मग डॉक्टरच्या अपॉइंटमेंटला त्याच्याबरोबर जायचं. तिथे चार गोष्टी घेऊन बाहेर पडायचं असतं: निदान, पुढचे उपचार, कामाचं बंधन आणि एमएमआय कधी अपेक्षित आहे. एमएमआय म्हणजे यापुढे उपचारांनी फार सुधारणा होणार नाही असा टप्पा. त्यानंतर कायमच्या अपंगत्वाचं मोजमाप होतं, म्हणून त्या तारखेकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

तुझा ऑर्थोचा अनुभव इथे सोन्यासारखा आहे. रोटेटर कफ, लंबर फ्युजन, मेनिस्कस, हाताच्या चिरडलेल्या जखमा, यातच बहुतेक केसेस. सहा आठवड्यांनी पेशंट कुठे असायला हवा हे तुला माहीत आहे. तो तिथे नसेल तर का नाही, हे शोधणं म्हणजे तुझं काम. बऱ्याचदा कारण साधं असतं: फिजिओथेरपीची मंजुरी कुठल्यातरी फॅक्समध्ये अडकलेली असते आणि सांधा आखडत चाललेला असतो. तो अडथळा दूर केला की माणूस सुधारतो. या कामातला माझा सगळ्यात मोठा आनंद हाच आहे.

हाताने शुश्रूषा मात्र शून्य. ड्रेसिंग बदलायचं नाही, औषध द्यायचं नाही, 'हे ऑपरेशन करा' किंवा 'नका करू' असं सांगायचं नाही.

मृदगंध

वाचतेय. मीही याच विचारात आहे.

घाटवाट

बिलेबल तासांबद्दल मी सांगतो, कारण नवीन लोकांचा दम तिथेच निघतो.

कंपनी विमा कंपनीला तुमच्या वेळेचं बिल लावते, तासाच्या दहाव्या भागात. म्हणजे सहा मिनिटं म्हणजे शून्य पूर्णांक एक. फोन केला, शून्य पूर्णांक दोन. मेल वाचून उत्तर दिलं, शून्य पूर्णांक एक. गाडी चालवली, डॉक्टरकडे वाट पाहिली, अहवाल लिहिला, सगळ्याची नोंद. कंपनी सांगते की आठवड्याला इतके तास बिल झालेच पाहिजेत, आणि तो आकडा पगारी तासांच्या फार जवळ असतो. आता बघा: कंपनीची मीटिंग बिलेबल नाही, प्रशिक्षण नाही, संगणक बंद पडला तो वेळ नाही, अपॉइंटमेंट आयत्या वेळी रद्द झाली तर तिचे तास हातचे जातात. चाळीस तासांचं बिल लावायला पन्नास तास राबणारे मी पाहिलेत.

शिवाय प्रत्येक विमा कंपनीचे नियम वेगळे. एक व्हॉइसमेल ठेवल्याचे पैसे देते, दुसरी देत नाही. एक प्रवासाचा पूर्ण वेळ मान्य करते, दुसरी मर्यादा घालते. हे नियम डोक्यात ठेवूनच दिवस आखावा लागतो.

नोंद त्या त्या क्षणी करायची सवय लावा. संध्याकाळी आठवून लिहायला बसलात तर तास बुडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे अंदाजाने भरले जातात. न केलेल्या कामाचे तास लावणं हा विम्यातला गैरव्यवहार आहे आणि त्यात आरएन लायसन्सही पणाला लागतं. आकडा गाठायचा दबाव असताना हे लक्षात ठेवणं जड जातं, म्हणून आधीच सांगतोय.

कोजागिरी

मी हे काम काही वर्षं केलं आणि हॉस्पिटलमध्ये परत आले. कोणाला घाबरवायचं नाही, पण दुसरी बाजूही धाग्यावर असावी.

बारा तासांची शिफ्ट संपली की संपते. आपण पेशंट दुसऱ्या नर्सच्या हवाली करून घरी येतो. फील्डमध्ये हवाली करायला कोणी नाही. सुट्टीवर गेलात तरी तीस केसेस तुमची वाट पाहत असतात आणि परत आल्यावर दोन आठवड्यांचे अहवाल थकलेले असतात. 'शनिवार-रविवार मोकळे' हे कागदावर खरं आहे, पण माझे अर्धे रविवार लिहिण्यात गेले.

दुसरं, एकटेपणा. फ्लोअरवर काही अडलं तर शेजारी चार नर्सेस असतात. इथे मी, गाडी आणि लॅपटॉप. काहींना हे फार मानवतं. मला माणसं लागतात.

तिसरं, पगार. मूळ आकडा बरा दिसतो, पण रात्रपाळीचा आणि वीकेंडचा भत्ता जातो, ओव्हरटाइम बहुतेक जातो. तुलना करताना हॉस्पिटलचा वर्षाचा एकूण पगार समोर ठेवा, तासाचा मूळ दर नको.

ओंजळ

कोजागिरी, मनापासून धन्यवाद, हे कोणीच सांगत नव्हतं. एकटेपणाचा मुद्दा मी धरलाच नव्हता. घाटवाट, तुमचं तासांचं गणित वाचून मात्र पोटात गोळा आला.

पारिजातकताई, 'कोणाची नर्स' हे राहिलं.

पारिजातक

हो, आता त्यावरच लिहिते. थोडं लांबेल.

केस मॅनेजर म्हणून बिल विमा कंपनी भरते, पण लायसन्स नर्सचं आहे आणि ते पेशंटच्या भल्याशी बांधलेलं आहे. या दोन गोष्टी रोज एकमेकींवर आदळत नाहीत. बहुतेक वेळा कामगार लवकर आणि नीट बरा होणं दोघांनाही हवं असतं. पण जेव्हा आदळतात तेव्हा तुला आधीपासून ठरवून ठेवलेल्या रेघा लागतात. माझ्या अशा आहेत.

पहिल्या भेटीत पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं: मी नर्स आहे, मला विमा कंपनीने नेमलंय, तुम्ही मला जे सांगाल ते माझ्या अहवालात जाऊ शकतं, आणि मी तुमच्या क्लेमचा निर्णय घेत नाही. साध्या शब्दांत, त्याला समजेल अशा भाषेत. इंग्रजी येत नसेल तर दुभाषी मागवायचा, त्याच्या शाळकरी मुलाकडून वदवून घ्यायचं नाही. काही जण हे ऐकून गप्प होतात. होऊ देत. तो त्यांचा हक्क आहे.

तपासणीच्या खोलीत शिरायचं की नाही हे कामगाराने ठरवायचं. डॉक्टरशी एकांतात बोलायचा त्याला अधिकार आहे. तपासणी झाल्यावर, त्याच्यासमोर, डॉक्टरला प्रश्न विचारायचे. नॉर्थ कॅरोलायनासारख्या काही राज्यांत केस मॅनेजरने कसं वागावं याचे लेखी नियम आहेत, ते काम सुरू करायच्या आधी वाच. आणि कामगाराने वकील केला असेल तर वकिलाच्या परवानगीशिवाय एक फोनसुद्धा नाही.

हिपामध्ये (पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा) वर्कर्स कॉम्पसाठी सवलत आहे. राज्याचा कायदा जेवढी मुभा देतो तेवढी माहिती पेशंटच्या स्वतंत्र सहीशिवाय देता येते. तरीही मी सही घेते. आणि इजेशी संबंध नसलेली माहिती, म्हणजे जुनं नैराश्य, गर्भपात, घरातलं भांडण, अहवालात घालत नाही. ती कानावर पडली तरी तिथेच राहते.

अहवालात फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं. 'लंगडण्याचं नाटक करतो असं वाटलं' हे वाक्य नर्सच्या अहवालात कधीच येता कामा नये. 'खोलीत येताना उजव्या पायावर भार कमी, पार्किंगमध्ये चालताना फरक दिसला नाही' हे चालेल, कारण ते निरीक्षण आहे. पण ते टिपायला मी मुद्दाम पार्किंगमध्ये थांबत नाही. विमा कंपन्या कधीकधी पाळत ठेवायला गुप्तहेर नेमतात. त्याच्याशी आपला काडीचा संबंध नको. 'तो किती वाजता घरी असतो तेवढं सांग' असं कोणी म्हणालं तर नाही म्हणायचं आणि तसं लेखी मेल करायचं.

प्रत्येक अहवाल कामगाराचा वकील सुनावणीत मोठ्याने वाचणार आहे असं समजून लिही. साक्षीला बोलावणं येऊ शकतं, आणि तेव्हा तुझं प्रत्येक विशेषण तुझ्यासमोर ठेवलं जातं.

तळटीप

मी नर्स नाही, पलीकडच्या बाजूला आहे: क्लेम अॅडजस्टर, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम हाताळणारा. पारिजातक यांच्याशी पूर्ण सहमत, आणि एक गोष्ट आमच्या बाजूने.

आमच्याकडे फायलींचा ढीग असतो आणि वैद्यकीय शिक्षण बहुतेकांचं नसतं. चांगल्या नर्सकडून मला काय हवं असतं? 'डॉक्टर एमआरआय मागतायत, कारण सहा आठवड्यांच्या थेरपीनंतरही बोटांतली बधिरता वाढतेय' असं एक स्पष्ट वाक्य. त्यावर मी त्याच दिवशी मंजुरी देऊ शकतो. दहा पानी अहवालात तेच वाक्य सातव्या पानावर असेल तर पेशंटचा आठवडा जातो. म्हणून शिफारस वर, तपशील खाली.

चुकीच्या मागण्या करणारे अॅडजस्टर असतात, नाकारत नाही. अशांना लेखी आणि शांतपणे नकार देणारी नर्स आम्हाला जास्त विश्वासाची वाटते. तिच्या अहवालावर कामगाराचा वकीलही कमी वाद घालतो.

घाटवाट

लाइट ड्युटीबद्दल एक भर. डॉक्टर 'हलकं काम' असं लिहून देतात आणि मालक, कामगार, अॅडजस्टर तिघे तीन अर्थ काढतात. लेबर डिपार्टमेंटच्या वर्गवारीत हे आकड्यात आहे. बैठं काम म्हणजे अधूनमधून १० पौंडांपर्यंत उचलणं, हलकं २०, मध्यम ५०, जड १०० आणि त्यावर अतिजड. 'अधूनमधून' म्हणजे कामाच्या दिवसाचा जास्तीत जास्त एक तृतीयांश.

डॉक्टरकडून नेहमी आकड्यात लिहून घ्या: किती पौंड, खांद्याच्या वर हात चालेल का, सलग किती वेळ उभं राहायचं. मग मालकाकडे जाऊन ते काम स्वतःच्या डोळ्यांनी बघा. माझ्या एका केसमध्ये गोदामाने कागदावर 'बैठं काम' दिलं होतं. प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर दर थोड्या वेळाने उठून शेल्फवरून खोके काढावे लागत होते. खांद्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला. व्यवस्थापकाला तिथेच दाखवलं, त्याने जागा बदलली. हे फोनवर कधीच कळलं नसतं. फील्डची खरी किंमत मला तिथे दिसते. एमआरआय, एफसीई (काम करण्याच्या शारीरिक क्षमतेची चाचणी), सगळं ठीक आहे, पण जागेवर जाऊन बघण्याला तोड नाही.

धुमारे

मी टेलिफोनिक करते, तोच प्रकार पण सगळं फोनवर. गाडी नाही, पाऊस-बर्फाची चिंता नाही. केसेस जास्त असतात आणि कानाला हेडसेट चिकटलेला. लहान मुलं असलेल्यांनी याचाही विचार करावा. फक्त आपण ज्या राज्यात बसलोय ते पुरत नाही, पेशंट ज्या राज्यात आहे तिथलं लायसन्स लागतं. कॉम्पॅक्ट लायसन्स (करारातल्या सगळ्या राज्यांत चालणारं) असेल तर बरंच सोपं होतं, पण कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क कॉम्पॅक्टमध्ये नाहीत.

सांजवेळ

सगळे वर्कर्स कॉम्पबद्दलच बोलताहेत म्हणून लिहिते. फील्ड केस मॅनेजमेंट मेडिकेडमध्येही (कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी आरोग्यविमा) आहे आणि त्याचा पोत अगदी वेगळा. मी तेच करते. ज्यांना नर्सिंग होमच्या पातळीची काळजी लागते पण घरीच राहायचंय, अशांच्या घरी जाऊन मूल्यमापन करायचं आणि सेवांचा आराखडा बनवायचा. हे वेव्हर कार्यक्रम १९८१ च्या कायद्याने सुरू झाले. आराखडा वर्षातून किमान एकदा नव्याने तपासावाच लागतो, मधे प्रकृती बदलली तर तेव्हाही.

इथे बिलेबल तासांची टांगती तलवार नाही, वकील क्वचितच. पण मुदती आहेत, आणि दुःख वेगळं आहे. ऐंशीच्या बाई एकट्या, मदतनीस रोज येत नाही, बाथरूमचा उंबरठा ओलांडता येत नाही. मला दिसतं की त्यांना आठवड्याला जास्त तास हवेत, आणि मंजूर होणारे तास त्याहून कमी असतात. तेव्हा मूल्यमापन इतक्या बारकाईने लिहायचं की गरज नाकारता येऊ नये: 'अंघोळीला मदत लागते' असं न लिहिता 'टबमध्ये पाय उचलता येत नाही, मागच्या महिन्यात दोनदा तोल गेला' असं. आणि तास कापले गेले तर अपील करता येतं, हे त्यांना स्पष्ट सांगायचं. बऱ्याच कुटुंबांना ते माहीतच नसतं.

सुरक्षिततेचं कोणी बोललं नाही. अनोळखी घरात जाताना घरच्या कोणालातरी लोकेशन पाठवून ठेवा, कुत्रा आहे का ते फोनवर विचारा, गाडी बाहेर काढायला सोपी जाईल अशी लावा, आणि मनाला खटकलं तर सरळ निघा. अपॉइंटमेंट पुन्हा घेता येते.

पारिजातक

सांजवेळ, सुरक्षिततेचं बरं आठवण करून दिलंत. वर्कर्स कॉम्पमध्ये पहिली भेट घरी घेणं बंधनकारक नसेल तर मी ती डॉक्टरच्या ऑफिसात किंवा लायब्ररीत घेते.

ओंजळ, सीसीएमबद्दल. बऱ्याच कंपन्या त्याशिवाय घेतात आणि ठरावीक मुदतीत परीक्षा द्या म्हणतात. बसायला आधी अनुभव लागतो: सीसीएम असलेल्या वरिष्ठाच्या हाताखाली १२ महिने पूर्णवेळ, नाहीतर तशा देखरेखीशिवाय २४ महिने. परीक्षेत १८० प्रश्न, त्यातल्या १५० चेच गुण धरतात, वेळ तीन तास. दर पाच वर्षांनी ८० तासांचं शिक्षण दाखवून नूतनीकरण. म्हणून मुलाखतीत विचार की तुझी सुपरवायझर सीसीएम आहे का. ती असेल तर तुझं एक वर्ष वाचतं.

ओंजळ

हे कुठेच वाचलं नव्हतं, लिहून घेतलं. गाडीबद्दल कोणी सांगेल का? गाडी माझीच वापरायची आहे.

घाटवाट

माइलेजचा दर लेखी घ्या. आयआरएसचा (फेडरल कर खात्याचा) व्यवसायासाठीचा दर २०२४ मध्ये मैलाला ६७ सेंट होता, २०२५ मध्ये ७०. कंपनी कमी देत असेल तर फरक तुमच्या खिशातून, आणि पगारी कर्मचाऱ्याला २०१८ पासून तो फेडरल करात वजा करता येत नाही. कंत्राटी म्हणून १०९९ वर घेत असतील तर गणित वेगळं: माइलेज वजा होतं, पण सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे दोन्ही हिस्से तुम्ही भरायचे आणि आरोग्यविमाही स्वतः काढायचा. गाडीच्या विमा एजंटला 'कामासाठी वापरते' हे आधी कळवा. नाहीतर अपघात झाल्यावर क्लेम अडतो.

मृदगंध

मुलाखतीत आणखी काय विचारायचं? मलाही उपयोगी पडेल.

कोजागिरी

मी परत जायचं ठरवलं तर हे विचारेन. बिलेबल तासांचं लक्ष्य किती, आणि नवीन माणसाला ते गाठायला किती महिने देता? एका वेळी किती केसेस? हद्द किती मैलांची, आणि शेजारची नर्स सोडून गेली तर तिची हद्द माझ्या गळ्यात पडते का? सुट्टीत माझ्या केसेस कोण बघतं? त्या शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर मी दुसरी कंपनी बघेन.

आणि एक दिवस तिथल्या एखाद्या नर्सबरोबर फिरू द्या असं सांगा. चांगल्या कंपन्या नाही म्हणत नाहीत.

ओंजळ

सगळं वहीत उतरवलंय. मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. एक दिवस बरोबर फिरू देण्याचं आजच मेल करून विचारते. सांजवेळ, मेडिकेडच्या कामाबद्दल तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, आमच्या राज्यात कोण भरती करतंय ते विचारायचंय.

सांजवेळ

जरूर कर. तुझी काउंटी कुठली तेही कळव, त्यावर बरंच अवलंबून असतं.